इंजिन तापते, पण केव्हा?

मे महिना आला की घाटरस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. कसारा असो, खंबाटकी असो किंवा आंबा घाट, एखाद्या वळणावर गाडी कडेला घेतलेली, बॉनेट वर केलेले आणि घरची मंडळी सावली शोधत उभी. फियाट आणि ॲम्बॅसिडरच्या काळात तर घाट चढायचा म्हणजे डिकीत पाण्याचा कॅन हवाच, असा शिरस्ता होता. आताच्या गाड्या पुष्कळ सुधारल्या आहेत, त्यामुळे हे दृश्य कमी झाले आहे. संपलेले मात्र नाही. उलट एका बाबतीत धोका वाढला आहे. जुनी जाडजूड बिडाची इंजिने थोडेफार तापणे सोसून घेत. आजच्या हलक्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांना ते फारसे सोसत नाही. लाल दिवा लागल्यावर ‘जाऊ दे, घाटमाथ्यावर पोहोचू आणि मग बघू’ म्हणत आणखी तीन-चार किलोमीटर गाडी रेटली, तर काही शेकड्यांत किंवा थोड्या हजारांत मिटणारे काम हेड उतरवण्यापर्यंत जाते.

गॅरेजमध्ये गेल्यावर आपण काय सांगतो? ‘गाडी गरम होते.’ डॉक्टरकडे जाऊन ‘ताप आहे’ एवढेच सांगण्यासारखे हे झाले. ताप हा आजार नव्हे, लक्षण आहे. म्हणून डॉक्टर विचारतात, ताप केव्हा चढतो? थंडी वाजून येतो का? दिवसभर असतो की संध्याकाळीच? इंजिनाच्या तापाचेही तसेच आहे. काटा वर गेला यापेक्षा तो केव्हा वर गेला, ही माहिती जास्त मोलाची असते. ती फक्त गाडी चालवणाऱ्याकडेच असते, मेकॅनिककडे नव्हे.

बादलीभर पाणी उकळेल इतकी उष्णता

आधी ही उष्णता येते कुठून ते पाहू. इंधन जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या वाट्याला येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरावाटे निघून जाते आणि उरलेली बहुतेक ऊर्जा इंजिनाच्या धातूत उतरते. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम वितळते ६६० अंशांना. म्हणजे इंजिन टिकते ते केवळ त्याच्या भिंतींमागून सतत कूलंट वाहत असते म्हणून.

घाटात या व्यवस्थेची परीक्षा होते. माणसे आणि सामान धरून १,४०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर उंच चढली, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ६९ लाख ज्यूल काम होते. जवळपास तेवढीच उष्णता तेवढ्या वेळात कूलंटला वाहून न्यावी लागते. २० लिटरची पाण्याची बादली ३० अंशांपासून उकळीपर्यंत आणायला सुमारे ५९ लाख ज्यूल लागतात. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या चढणीत एक बादली पाणी उकळेल इतकी उष्णता बाहेर टाकायची आणि त्यासाठी लहान गाडीत कूलंट असते जेमतेम चार ते सहा लिटर. तेच कूलंट पुन्हा पुन्हा फिरून, रेडिएटरमध्ये निवून परत येते, म्हणूनच हे साधते.

या फेऱ्यातले गडी मोजकेच आहेत. वॉटर पंप कूलंट फिरवतो. रेडिएटर त्याची उष्णता हवेला देतो. गाडी वेगात असेल तर ही हवा आपोआप मिळते. गाडी उभी किंवा संथ असेल तेव्हा पंखा ती ओढतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा दरवाजा असतो. त्याच्यात खास मेण भरलेले असते. ते साधारण ८० ते ९० अंशांदरम्यान वितळून फुगते, दांडी ढकलते आणि दरवाजा उघडतो. सगळी व्यवस्था दाबाखाली ठेवायचे काम रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण करते. या पाचांपैकी कोण कामचुकार झाला, एवढेच शोधायचे असते. सहावी शक्यता म्हणजे कूलंटच गळून कमी झालेले असणे.

वेळेवरून निदान

पहिला प्रकार: सिग्नलला, वाहतूक कोंडीत किंवा टोलनाक्याच्या रांगेत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात निघाली की खाली येतो. इथे संशय जवळजवळ नेहमी पंख्यावर जातो. वेगात हवा मिळते तेव्हा सगळे ठीक असेल, तर पंप आणि रेडिएटर काम करत आहेत हे उघड आहे. पंख्याची मोटर, फ्यूज, रिले किंवा त्याला हुकूम देणारा तापमानाचा सेन्सर यांपैकी काहीतरी बिघडले आहे. घरच्या घरी करण्याजोगी चाचणी सोपी आहे. गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पुढचा पंखा फिरू लागतो. फिरला नाही, तर तपास तिथूनच सुरू करायचा. पंखा मात्र लांबूनच पाहायचा, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो. जीप आणि पिकअपसारख्या काही गाड्यांत पंखा इंजिनानेच फिरतो आणि मध्ये सिलिकॉन तेलाचा एक क्लच असतो. तो क्लच ढिला पडला तर पंखा फिरताना दिसतो, पण हवा पुरेशी ओढत नाही.

दुसरा प्रकार याच्या उलट. गावात गाडी ठीक चालते. महामार्गावर शंभरच्या वेगात किंवा घाटात काटा चढतो. म्हणजे थोडी उष्णता बाहेर टाकता येते, जास्त टाकता येत नाही. इथे रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. बाहेरून धूळ, किडे, कापसाचे तंतू, चिखल बसतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत साचलेला कचरा समोरून दिसतही नाही. आतून चोंदण्याचे आपल्याकडचे मोठे कारण म्हणजे बोअरचे पाणी. गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा क्षार धरतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. क्षाराचा पातळ थरही उष्णतेला अडवतो आणि नळीची वाट अरुंद करतो. पाण्याचा दुष्काळ असलेल्या भागात मिळेल ते पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या गाड्यांत हा रोग नेहमीचा. याशिवाय अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, कमी झालेले कूलंट आणि मऊ पडून आत ओढला जाणारा खालचा होज पाइप हेही याच प्रकारातले संशयित आहेत.

तिसरा प्रकार: सकाळी थंड इंजिन सुरू केले आणि चार-पाच मिनिटांत काटा लालमध्ये. इतक्या लवकर तापण्याचा अर्थ असा, की कूलंट रेडिएटरपर्यंत जातच नाही किंवा इंजिनात कूलंटच नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, पंपाचा पट्टा तुटला, पंपाचे पाते झिजले किंवा कूलंट बदलल्यावर आत हवा अडकली, ही त्याची कारणे. वरचा होज पाइप कडक गरम आणि खालचा थंडगार असेल, तर थर्मोस्टॅट बंद असल्याची किंवा रेडिएटर चोंदल्याची ती खूण. पूर्वी हे हाताने चाचपडून पाहत. आता करोनाकाळात घरोघरी ओळखीची झालेली तापमान मोजायची ‘बंदूक’ गॅरेजमध्येही असते. फक्त ती यंत्रांसाठीची, जास्त तापमान मोजणारी असते. तिने दोन्ही पाइपांचे तापमान हात न लावता कळते.

चौथा प्रकार सर्वांत फसवा. गाडी कधीतरीच तापते, पण दर पंधरा दिवसांनी कूलंट भरावे लागते. बंद व्यवस्थेतले कूलंट ‘संपत’ नाही. ते कमी होत असेल तर कुठेतरी जात आहेच. गाडीखाली हिरवा, गुलाबी किंवा केशरी डाग पडतो का, पाइपाच्या क्लिपपाशी पांढरट खपली धरली आहे का, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि धातू यांच्या जोडावर ओल आहे का, पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येतो का, हे पाहावे. गाडीत गोडसर वास येत असेल, डाव्या सीटपुढची मॅट ओली असेल आणि काचेवर चिकट वाफ धरत असेल, तर हीटरची जाळी गळते आहे. बाहेर कुठेच ओल नसेल, तर कूलंट इंजिनाच्या आत जात असण्याची शक्यता तपासावी लागते.

काटा कधी खोटे बोलतो

आजच्या अनेक गाड्यांत काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा आणि अति तापल्यावर लाल, असे दोन दिवे असतात. काटा असलाच, तरी तो बराच वेळ मुद्दाम मध्यावर ठेवलेला असतो. थोड्या चढउताराने चालकाने घाबरू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे काटा मध्यापासून हलला, तर तापमान आधीच बरेच वर गेलेले असते.

त्याहून धोकादायक परिस्थिती आणखी एक आहे. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, तेव्हाच तो खरे तापमान सांगतो. पाइप फुटून सगळे कूलंट वाहून गेले की सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिन भाजून निघत असतानाही काटा खाली येऊ शकतो. ‘आधी वर गेला होता, मग आपोआप खाली आला’ हे दर वेळी शुभवर्तमान नसते.

अशा वेळी हीटर साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो. हीटरची जाळी म्हणजे एक लहान रेडिएटरच. काटा वर आहे आणि हीटर लावल्यावर गरम झळ येते, तर कूलंट फिरते आहे. काटा वर आहे आणि हीटरमधून गार हवा येते, तर कूलंट संपले आहे किंवा फिरत नाही. तेव्हा एक मीटरही पुढे जाऊ नये. चढणीवर एसीने अचानक थंड हवा देणे बंद केले, तरी तिकडे दुर्लक्ष नको. इंजिन फार तापू लागले की अनेक गाड्यांतला संगणक स्वतःच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. आपल्याला वाटते गॅस संपला. प्रत्यक्षात तो पहिला इशारा असतो.

‘गॅस्केट उडाली’ म्हणण्याआधी

इंजिनाचा खालचा भाग आणि वरचे हेड यांच्यामध्ये गॅस्केट असते. अनेक गाड्यांत खालचा भाग बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या तापमानात हा फरक गॅस्केट सांभाळून घेते. इंजिन फार तापले की हेड वाकते. हा वाक माणसाच्या केसाच्या जाडीएवढा असला तरी पुरतो. मग सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये आणि कूलंट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये घुसू लागते.

त्याची लक्षणे प्रसिद्ध आहेत: सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, दुधाळ ऑइल, कूलंटच्या टाकीत बुडबुडे. पण यांतली प्रत्येक खूण एकटी असेल तर फसवू शकते. हिवाळ्याच्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघतेच, कारण इंधन जळताना पाणी तयार होते. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली बाष्प साचून साय धरते. म्हणून हेड उतरवण्यापूर्वी दोन चाचण्यांचा आग्रह धरावा. पहिली दाबाची: थंड इंजिनाच्या कूलंट व्यवस्थेत हातपंपाने हवा भरायची आणि दाब टिकतो का ते पाहायचे. दुसरी रसायनशास्त्राची: टाकीतली हवा एका निळ्या द्रावणातून ओढायची. तिच्यात सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असेल तर द्रावण पिवळे पडते. दोन्ही चाचण्या काही मिनिटांच्या आहेत. त्या न करता थेट मोठा खर्च सांगितला जात असेल, तर दुसरे मत जरूर घ्यावे.

उलट बाजूने आणखी एक सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो: ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणारच नाही.’ आपल्या उष्ण हवेत तो लागतच नाही, असे त्याचे समर्थनही केले जाते. हा सल्ला दोन कारणांनी चुकीचा आहे. एक तर थर्मोस्टॅट काढल्यावर इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते. तोवर ऑइल घट्ट राहते, झीज वाढते आणि इंजिन थंड आहे असे समजून संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. दुसरे असे, की खरा दोष चोंदलेल्या रेडिएटरचा असेल, तर तो लपतो. तापाची गोळी देऊन रुग्ण घरी पाठवण्यासारखेच हे आहे. पुढच्या मोठ्या घाटात तो दोष पुन्हा डोके वर काढतो.

झाकणाखालचा प्रेशर कुकर

या सगळ्यात यंत्रापेक्षा माणसाला असलेला धोका मोठा आहे. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते. गाडीचे झाकण आत साधारण एक बारचा जादा दाब ठेवते. आपल्या घरच्या कुकरमधला दाबही जवळपास एवढाच असतो. त्या दाबाखाली कूलंट १२० अंशांच्या पुढेही द्रवरूप राहते. झाकण फिरवले की दाब एका क्षणात जातो आणि त्या तापलेल्या द्रवाचा काही भाग तिथल्या तिथे वाफ होतो. पाण्याची वाफ झाली की ते मूळ आकारमानाच्या सुमारे १,७०० पट होते. बाकीचे उकळते कूलंट ती वाफ कारंज्यासारखे वर फेकते. ते नेमके वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर येते. शिट्टी न काढता कुकरचे झाकण ओढायला आपण धजणार नाही. गाडीच्या झाकणाला तोच न्याय लावायला हवा. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा पाइप दाबल्यावर मऊ लागला तरच झाकणावर जाड फडके टाकून, चेहरा बाजूला ठेवून ते हळूहळू फिरवावे.

तरीही कोणी भाजलेच, तर जागेवर करायचे काम एकच: भाजलेल्या भागावर गार पाणी सतत २० मिनिटे सोडत राहणे. नळ नसेल तर प्यायच्या पाण्याच्या बाटल्या रित्या कराव्यात. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. कूलंटने भिजलेले कपडे कातडीला चिकटलेले नसतील तर उतरवावेत. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतले काहीही लावू नये. नंतर स्वच्छ कापडाने सैल झाकावे. चेहरा, डोळे, हात भाजले असतील किंवा भाजलेली व्यक्ती लहान मूल असेल, तर १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णालय गाठावे.

कूलंटचा दुसरा धोका शांत आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारीही. पोटात गेल्यावर सुरुवातीला झिंगल्यासारखे वाटते, उलट्या होतात. पुढे यकृतात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल तयार होते, त्याचे खडे मूत्रपिंडात साचतात आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात जावे. उरलेले कूलंट शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवणे किंवा काढलेले कूलंट गल्लीत सोडून देणे, हे लहान मुले आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतू शकते.

घाटात काटा चढला तर

आधी एसी बंद करावा. त्याने इंजिनावरचा भार कमी होतो आणि रेडिएटरसमोरची गरम जाळीही निवते. हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण सोडावा. मे महिन्यात ही शिक्षा वाटेल, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर निघते. वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटत ठेवू नये. खालचा गिअर टाकावा, म्हणजे पंपही वेगाने फिरतो. काटा तरीही उतरत नसेल किंवा लाल दिवा लागला असेल, तर पहिल्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावावा, चाकामागे दगड ठेवावा आणि मागे त्रिकोण उभा करावा. बॉनेटमधून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, तापलेल्या इंजिनात तर अजिबातच भरू नये. ॲल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. पूर्ण निवल्यावर कूलंट भरावे. नाइलाजाने साधे पाणी भरले, तर ते गॅरेजपर्यंतच्या प्रवासापुरते समजावे आणि नंतर योग्य कूलंट डिस्टिल्ड वॉटरसह भरून घ्यावे.

आणि गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गाडी गरम होते’ एवढ्यावर थांबू नये. उभी असताना की वेगात? सुरू केल्यावर किती मिनिटांनी? एसी चालू होता का? पंखा फिरत होता का? हीटरमधून गरम हवा आली की गार? कूलंट किती दिवसांत किती कमी झाले? या सहा प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून नेली, तर चांगल्या मेकॅनिकचे अर्धे काम तिथेच होते. आणि ती ऐकून न घेता जो थेट पाना हातात घेतो, त्याच्याकडे गाडी सोपवावी की नाही, हेही तेवढ्यात कळते.